मुकादमाची हजेरी

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना लिफ्ट म्हणजे आरसा आणि बटणं एवढंच ठाऊक असतं. दादाला तिचा टप, तिचे तारेचे दोर आणि तळाचा खड्डा ठाऊक. आठवडाभर तो त्या उभ्या अंधाऱ्या बोळात काढतो, ग्रीसने माखलेला, कपाळाला विजेरी बांधून. त्यामुळे सुटीच्या दिवशी त्याला डोक्यावर छप्पर म्हणून सोसत नाही. सकाळचा चहा होतो न होतो तोच तो सुरू होतो, "चला, आवरा. घरात बसून काय अंडी उबवायची आहेत?"

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात राहते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिवणयंत्र आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं वहिनीचं म्हणणं आहे. वहिनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचते आणि उरलेल्या घरी आणते, असं माझं म्हणणं आहे. तरी आमचं बरं चाललंय. दादाची दोन मुलं: थोरली छापखान्यात मजकूर जुळवते, धाकटा कॉलेजात जातो, म्हणजे जातो असं सांगतो.

आणि मुकादम. हा आमचा कुत्रा. रंग मातकट, पाय आखूड, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. एका नव्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात हे पिल्लू पडलं होतं. दादाने त्याला हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या मधोमध बसवून घरी आणलं. वहिनी म्हणाली, "हे घरात राहणार नाही." त्या रात्री ते तिच्याच पायथ्याशी झोपलं आणि तिने पाय आखडून घेतले ते आजतागायत आखडलेलेच आहेत.

आमच्या सहली म्हणजे काही लांबच्या नव्हेत. बसमध्ये कुत्र्याला घेत नाहीत आणि कुत्र्याशिवाय दादा जात नाही, म्हणून पायी जायचं आणि पायी यायचं. कधी तळ्यावर, कधी दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत, कधी नुसतं रेल्वेच्या फाटकापर्यंत, मालगाडीचे डबे मोजायला. बागेत कुत्र्यांना मनाई आहे, तर आम्ही बागेच्या कुंपणाबाहेर चादर अंथरून बसतो आणि आतली कारंजी फुकटात बघतो. बरोबर उकडलेली अंडी, पाव, काकडी आणि चहाचा थर्मास. एवढ्यावर दादा असा खूश असतो की त्याच्याकडे बघून मला हसू येतं आणि जरा हेवाही वाटतो.

लिफ्टच्या कामात एक नियम आहे. काम झालं की वीज सोडायच्या आधी वरचा माणूस त्या बोळात तोंड घालून ओरडतो, "सगळे आलात?" आणि खालून ज्याने त्याने आपापलं "आलो" म्हणायचं. दुसऱ्याने "तोही आला हो" म्हटलेलं चालत नाही. जो बोलला नाही तो अजून आत आहे असंच धरायचं. दादाने हा नियम घरी आणला. फाटकाशी उभं राहून तो त्याच घुमत्या आवाजात विचारायचा, "सगळे आलात?" आणि आम्ही भर गल्लीत एकेक करून "आले", "आलो" म्हणायचो. शेजारच्या बाई मला विचारायच्या, "तुमच्याकडे कवायत असते का हो?"

ही हजेरी ऐकून ऐकून कुत्राही शिकला. ओरडून झालं की तो प्रत्येकाच्या नडगीला नाक लावत फिरायचा आणि मोजणी जमली की शेपूट वर करून चालू लागायचा. एक जरी माणूस कमी असला तरी तो रस्त्यात बसकण मारायचा. एकदा धाकटा न्हाणीघरातूनच "आलो" म्हणून ओरडला. आम्ही सगळे फसलो, कुत्रा फसला नाही. तेव्हापासून त्याचं नाव मुकादम. कुणाला सुटीच्या दिवशीही कामावर जावं लागलं तर दादा सहलच रद्द करायचा, त्यामुळे मुकादमाला कधी कमी माणसांत निघायची सवय लागलीच नाही.

मग थोरलीने लग्न केलं.

एका संध्याकाळी ती घरी आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी आज कचेरीत जाऊन सह्या करून आले." मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, चार गल्ल्या पलीकडे राहतो, माणूस चांगला आहे, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. दादाच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला. मला वाटलं, आता पारा चढणार, भांडी आपटणार. तसलं काही झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "मला विचारलंही नाहीस?" थोरलीने मान खाली घातली. तो पुन्हा म्हणाला, "विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मग तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. थोरली आपली पिशवी भरून गेली.

आता खरं सांगायचं तर दादाला चष्मेवाल्याबद्दल काडीचंही माहीत नव्हतं, त्यामुळे राग तरी कसला धरणार? त्याला लागलं ते न विचारल्याचं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्याने तळ्याभोवती फिरवलं, जिने पहिला पगार झाल्यावर त्याला नवी विजेरी आणून दिली, तिने एवढी मोठी गोष्ट आपल्याला सांगितली ती होऊन गेल्यावर. हे त्याच्या घशात अडकून बसलं. वहिनी लेकीला लपूनछपून फोन करायची. मी तर उघडच करायचे. दादाने मात्र तिचं नावही घेतलं नाही.

पुढच्या सुटीला त्याने नेहमीसारखा थर्मास काढला. काही झालेलंच नाही असं दाखवायचं असलं की माणसं फार आवाज करतात. त्याने अंड्यांचा डबा बंद करतानासुद्धा आवाज केला. आम्ही फाटकाशी आलो, त्याने विचारलं, "सगळे आलात?" आम्ही आपापलं बोललो. मुकादम नडग्या हुंगत फिरला, पुन्हा फिरला, आणि मधोमध बसला.

"चल रे," दादा म्हणाला. मुकादमाने त्याच्याकडे बघितलं आणि घराच्या दाराकडे बघितलं. धाकट्याने ओढलं, वहिनीने पावाचा तुकडा दाखवला. मुकादमाने पाव खाल्ला आणि तो पुन्हा बसला. शेवटी दादाने त्याला उचललं. कोपऱ्यापर्यंत नेऊन खाली ठेवताच तो तुरुतुरु परत आला आणि फाटकाशी बसला. आम्ही घरात गेलो आणि ती अंडी ओट्याशी उभी राहून खाल्ली.

असं दर सुटीला होऊ लागलं. एरवी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जायला त्याची ना नव्हती. थर्मास बाहेर निघाला की मात्र तो हटून बसायचा. दादा त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दात बघितले, पाय दाबले आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. तुमचीच तब्येत उतरलेली दिसते." मग पट्टा टोचत असेल म्हणून नवा पट्टा आणला. मला त्या पट्ट्याला आतून मऊ कापड लावायला लावलं. मी लावलंही. पण शेवटी मला राहवलं नाही.

"दादा, पट्ट्याचं काय घेऊन बसलास? त्याची हजेरी पूर्ण होत नाहीये. तू शिकवलेलंच तो करतोय."

"तू तुझं मशीन चालव."

"मशीन चालवतेच आहे. तू मात्र दर सुटीला घरात कोंडून बसणार. बघ तुझं तोंड कसं झालंय."

तोंड खरंच उतरलं होतं. हा माणूस सुटीच्या एका दिवसावर आठवडा काढणारा. आता सुटीच्या दिवशी तो फाटकाच्या बिजागरीला तेल घालत बसायचा. त्या बिजागरीला इतकं तेल पाजलं होतं की वाऱ्याने फाटक उघडायचं. मला त्याचा राग यायचा, तरी चहा मीच नेऊन द्यायचे.

तेल संपलं तेव्हा बहुधा त्याचाही धीर संपला. त्याने धाकट्याला हाक मारली आणि माझ्याकडे पाठ करून सांगितलं, "तिला म्हणावं, मुकादम कुठे जात नाहीये. सुटीच्या दिवशी सकाळी येऊन जा. कुत्र्यासाठी."

"कुत्र्यासाठी," मी आतून म्हणाले.

"हो, कुत्र्यासाठीच!" तो ओरडला.

थोरली आली. दादा बिजागरीशीच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"आलीस?"

"मुकादमासाठी आले."

"त्याच्यासाठीच बोलावलंय."

दोघंही एकाच साच्यातले. वहिनीने डोळे पुसत थर्मास भरला. मुकादम तर पोरीला बघून वेडा झाला होता, शेपटीबरोबर सगळं अंग हलत होतं. आम्ही फाटकाबाहेर आलो. दादाने घसा साफ केला आणि विचारलं, "सगळे आलात?" धाकटा बोलला, वहिनी बोलली, मी बोलले. थोरली "आले" म्हणाली तेव्हा दादाने उगाचच थर्मासचं झाकण घट्ट केलं.

मुकादम सगळ्यांच्या नडग्या हुंगून आला. आणि बसला.

"आता काय राहिलं याचं?" दादा हताश होऊन म्हणाला.

मुकादम कोपऱ्याकडे तोंड करून बसला होता. तिथे विजेच्या खांबाशी स्कूटर उभी होती आणि स्कूटरमागे एक किडकिडीत माणूस हेल्मेट हातात धरून उभा होता. थोरलीला सोडायला आलेला. ती नीट घरात जाते की नाही ते बघायला थांबलेला. मुकादमाने त्याला बघून असा लाडिक सूर काढला, जसा तो फक्त घरच्यांसाठी काढतो. त्या माणसाने हात अर्धा वर केला आणि घाबरून खाली घेतला.

"हा त्याला ओळखतो?" दादाने विचारलं.

"रोज संध्याकाळी मुकादमाला तळ्यावर मीच न्यायचे ना," थोरली खाली बघत म्हणाली. "तेव्हा तोही यायचा. पहिल्या दिवशी मुकादम त्याच्यावर भुंकला. मग एकदा याच्या पंजात काच गेली, ती त्यानेच काढली. चष्म्याचे स्क्रू धरायचा चिमटा असतो त्याच्या खिशात."

रोज संध्याकाळी ही पोरगी दोरी धरून माझ्या खिडकीसमोरून जायची. गल्लीत कुणाकडे कोण पाहुणा आला ते मी यंत्रावरची मान न उचलता सांगते, आणि या दोघांनी मला ताकास तूर लागू दिली नव्हती! धाकटा फिसकन हसला. वहिनीने त्याला कोपर मारलं.

दादा हसला नाही. तो एकदा कुत्र्याकडे बघत होता, एकदा खांबाकडे. "या" म्हणणं त्याला जमत नव्हतं. मी त्याला लहानपणापासून ओळखते, असले शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. पण डोळ्यांसमोर असलेला आपला माणूस मागे ठेवून निघायला मुकादम तयार नव्हता, आणि खरं तर तसं निघणं दादालाही कधी जमलं नसतं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि खांबाकडे तोंड करून ओरडला,

"सगळे आलात?"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. चष्मेवाल्याने आधी थोरलीकडे बघितलं. थोरली दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. त्याच्या वतीने ती बोलू शकत नव्हती, नियमच तसा होता, आणि तो तिने त्याला सांगितला असणार.

"आलो," तो म्हणाला. फार हळू म्हणाला, पण म्हणाला. हेल्मेट स्कूटरला अडकवून तो चालत आला. मुकादमाने त्याच्या नडगीला नाक लावलं, शेपूट वर केली आणि तो तळ्याच्या रस्त्याला लागला.

वाटेत चष्मेवाल्याने थर्मास घ्यायला हात पुढे केला, तो दादाने दिला नाही. पिशवी मात्र दिली. तळ्याच्या काठी आम्ही चादर अंथरली. धाकटा आणि जावई मुकादमासाठी पाण्यात काठी फेकत होते. मुकादम काठी आणायचा आणि परत द्यायला नकार द्यायचा. वहिनी अंडी सोलत होती. थोरली दादाशेजारी येऊन बसली, बरंचसं अंतर ठेवून.

पाण्याकडे बघतच दादाने विचारलं, "मला का विचारलं नाहीस?"

आता त्या आवाजात राग नव्हता. ते ऐकवत नव्हतं.

थोरली जराशी जवळ सरकली. म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी केलंच नसतं. तुमच्या शब्दाबाहेर मला जाताच आलं नसतं. म्हणून नाही विचारलं."

वहिनीचा हात थांबला. मीही तोंड मिटून बसले, हे माझ्या बाबतीत नोंदवण्यासारखं आहे. दादा खूप वेळ काठीमागे पोहणाऱ्या कुत्र्याकडे आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या, चष्मा ओला झालेल्या त्या किडकिडीत माणसाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"नाहीच म्हणालो असतो मी," तो शेवटी म्हणाला. त्याने वहिनीच्या हातातलं सोललेलं अंडं घेतलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं. "बरं केलंस, विचारलं नाहीस ते."