पहिली रिकामी जागा

"बसून बोला की हो," असं म्हणत सर शेजारच्याचा शर्ट खाली ओढायचे. श्रीरामपूरला स्टेशनजवळच्या टपरीवर सकाळी आमची बैठक असायची. तिथं कोणी कोणासाठी उठायला लागलं, की सरांचा हात त्याच्या शर्टाकडे गेलाच म्हणून समजा. मी शिंपी; माझ्या शिलाईची त्यांनी फार परीक्षा पाहिली.

सर कॉलेजातून निवृत्त झाले, पण इतिहास शिकवणं काही सुटलं नाही. चहा आला की युरोप सुरू. तिकडं आधी राजा आणि चर्च, बाकीचे हात बांधून उभे. मग शहरांतल्या कारागिरांनी आपापले संघ केले. पुढं लंडनच्या कॉफीच्या दुकानांत सरदार, व्यापारी, छापखानेवाले एका टेबलाशी बसून वाद घालायला लागले. येईल त्यानं पहिल्या रिकाम्या जागेवर बसायचं. त्या गप्पांतून मंडळं निघाली, वर्तमानपत्रं वाढली, सत्तेला जाब विचारणारी माणसं तयार झाली.

"नागरी समाज म्हणतात त्याला," सर सांगायचे.

"मग आमी कोण हाय?" चर्चची घंटा वाजवणारे जोसेफमामा विचारायचे.

"ते तुम्ही उठता की बसता, त्यावर आहे."

आम्ही उठायचो हो. नगरसेवकांची गाडी थांबली की अख्खं बाकडं उभं. सर एकटे बसून बशीत फुंकर मारायचे. "झालं. तीनशे वर्षं पाण्यात." एकदा तरी कोणी उठू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

एकदा मोठ्या दुखण्यातून बरे होऊन सर टपरीवर आले. आनंदाच्या भरात आम्ही सगळे उभे राहिलो. सर असे भडकले म्हणता! "नगरसेवकाच्या जागी आता मला बसवलंत होय? माझ्यासाठीसुद्धा उठायचं नाही." चहा न घेताच निघून गेले. आम्हाला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. शोकसभा टपरीवरच घेतली. नगरसेवकही आले, चार चांगले शब्द बोलले आणि शेवटी म्हणाले, "आता दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू."

सवयीनं मी अर्धा उठलो. तेवढ्यात जोसेफमामांनी माझा शर्ट खाली ओढला.

"बसूनच वाहा. त्यास्नी चालायचं न्हाई."

कोणीच उठलं नाही. माझे डोळे भरून आले. हे बघायला सर हवे होते, असं फार वाटलं.

नगरसेवक एकटेच उभे होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बाकड्यावर पहिली रिकामी जागा दिसली तिथं बसले. ती सरांची होती. मी जरा सरकून घेतलं.