नऊ नग शिल्लक

संपतराव मोहित्यांनी गुजरातेत गोरव्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट कुठे, बोल्ट कुठे, वॉशर कुठे, हे डोळ्यांवर पट्टी बांधली तरी सांगतील. पण तो बोल्ट कुठल्या मशीनला लागतो असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं. "ते मशीन-शॉपवाल्यांना विचारा. आपलं काम माल साइझप्रमाणे लावणं." आणि चिठ्ठीशिवाय माल नाही. मॅनेजर आला तरी नाही, साक्षात ब्रह्मदेव आला तरी नाही!

असा माणूस रिटायर होतो तेव्हा घरच्यांनी सावध राहावं. सुहासिनीबाई राहिल्या नाहीत. एका सकाळी गोत्रीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भंगारातून उचललेलं साठ खणांचं लोखंडी कपाट आलं, आणि संपतरावांनी जाहीर केलं, "मी इंग्रजी शिकणार."

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मुलगा अमोघ कॅनडात. त्याची नीरजा सात वर्षांची, आणि तिचं मराठी 'आजोबा', 'आजी' आणि 'बस' इथंच संपायचं. व्हिडिओ कॉलवर संपतराव दोन वाक्यं बोलले की पोरगी बापाकडे वळून विचारायची, हे काय म्हणतायत? तिचं ते वळणं म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागायचं. दोन वर्षांनी नाताळात ती तीन आठवडे राहायला येणार होती. तेव्हा मधे कुणाला न घालता नातीशी बोलायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती.

आता इंग्रजी शिकायचं म्हटल्यावर तुम्ही-आम्ही काय करू? चार मोडकीतोडकी वाक्यं बोलू. संपतरावांनी शब्द साइझप्रमाणे लावले. रावपुऱ्याच्या बाजारातून जुना कोश आणला आणि ज्यांच्या शेवटी सारखीच अक्षरं येतात ते शब्द चिठोऱ्यांवर लिहून एका खणात घातले. आय-जी-एच-टीच्या खणात लाइट, नाइट, टाइट, फाइट. टी-आय-ओ-एनच्या खणात स्टेशन, ट्यूशन, लोशन. पेन्शनही आधी तिथंच कोंबलं होतं, पण त्याचं स्पेलिंग वेगळं निघालं तेव्हा बिचारं दोन दिवस टेबलावर बेघर पडून होतं. "आणि अर्थ हो?" सुहासिनीबाईंनी विचारलं. "अर्थ नंतर. आधी माल भरू दे." बाईंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षांत अडीच हजार चिठोऱ्या भरल्या, तोंडातून मात्र एक शब्द फुटला नाही. स्टॉक नातीसाठी राखीव होता ना!

नीरजा आली. अमोघ तिला सोडून कामासाठी बंगळुरूला गेला. पहिल्याच दिवशी आजोबांनी तिला कपाट दाखवलं, चिठ्ठीचं पॅड दिलं आणि हातवारे करून पद्धत समजावली. चिठ्ठी लिही, माल घे. पोरगी खूश! तिनं जांभळ्या स्केचपेननं 'नाइट' असं लिहून दिलं, आजोबांनी खण उघडून नाइट काढून दिला, वर तिची सही घेतली. दोघंही खदखदून हसले. संपतरावांना वाटलं, जिंकली लढाई.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर अख्खी ओळ होती. संपतरावांचे डोळे चमकले. "अगं सुहास, पोरगी माल घेऊन आली!" त्यांनी कात्री घेतली, ओळ कापून शब्द सुटे केले आणि एकेक आपापल्या खणात टाकला. नीरजा थोडा वेळ समोर उभी राहिली, मग गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओळ, पुन्हा कात्री. त्यातला एक शब्द रोज यायचा, ए-वायच्या खणात जाणारा. "बघ, परत तोच. खण भरून टाकणार ही," संपतराव कौतुकानं कुरकुरायचे.

इकडे सुहासिनीबाईंना एबीसीडीच्या पुढे काही येत नव्हतं. त्यांनी नातीला सागरगोटे शिकवले, शेव-उसळ खाऊ घातली, मराठीत दटावलं, गुजरातीत लाड केले, आणि संध्याकाळी गच्चीवर पतंगाची फिरकी तिच्या हातात दिली. "अहो, या की तुम्हीपण," त्यांनी एकदा हाक मारली.

"आलोच. आजची आवक लावतो आणि येतो."

ते काही गच्चीवर पोचले नाहीत. अकराव्या दिवशी चिठ्ठ्या बंद झाल्या. पोरीकडचे शब्द संपले असतील, असं संपतरावांना वाटलं. अमोघ तिला न्यायला आला, तेव्हा अहमदाबादच्या विमानतळावर नीरजा आजीला बिलगून रडली. आजोबांना तिनं लांबूनच हात केला.

चार दिवसांनी सकाळी अमोघचा फोन आला. "बाबा, तुम्ही नीरूवर रागावला होतात का?"

"मी? छे! काहीतरीच काय!"

"ती म्हणते, मी रोज चिठ्ठी लिहून आजोबांना खेळायला बोलवायचे. आणि ते माझी चिठ्ठी कापून टाकायचे."

संपतरावांनी फोन बायकोच्या हातात दिला. कपाटाशी जाऊन ए-वायचा खण ओढला आणि टेबलावर उपडा केला. स्वतःच्या निळ्या शाईतल्या चिठोऱ्या बाजूला सारल्या. मागे जांभळ्या उरल्या. प्ले. प्ले. प्ले. त्यांनी त्या ओळीनं मांडल्या आणि सवयीनं दोनदा मोजल्या. कोश उघडायची गरजच नव्हती. गल्लीत क्रिकेट खेळायच्या वयापासून हा शब्द त्यांना ठाऊक होता.

सुहासिनीबाई फोन ठेवून मागे येऊन उभ्या राहिल्या. संपतरावांनी मान वर केली नाही.

"चौतीस वर्षांत चिठ्ठी आली आणि माल दिला नाही, असं एकदाही झालं नव्हतं गं," ते म्हणाले. "इथं नऊ वेळा मागणी आली. आणि मी घरातच होतो."