सतरा-शून्य-पंचवीस आणि आमचे सुभेदारकाका

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची वही आहे. फ्रीजच्या तापमानाची वही, वजनकाट्याची वही, नमुने आल्या-गेल्याची वही, चुकांची वही, चुका का झाल्या त्याची वही. या सगळ्या वह्या कुणी तपासल्या त्याचीही वही! फक्त माझ्या वैतागाची वही नाही. त्यामुळे तो आपला तोंडीच साठत जातो, आणि कुणी जुनी मैत्रीण भेटून "काय गं, काय चाललंय?" म्हणाली की बदाबदा बाहेर पडतो.

लॅब साताऱ्यात, कोरेगाव रस्त्याला. पाणी, माती, हळद, गूळ असं सगळं तपासतो. मी तिथली क्वालिटी मॅनेजर. म्हणजे काम इतरांनी करायचं, आणि ते १७०२५ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे झालं की नाही यासाठी मी सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागायचं. तोंड उघडलं की मी मानकातलं एखादं कलम सांगते, म्हणून माझ्यामागे मला "कलम मॅडम" म्हणतात. मला माहीत आहे. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

हे किस्से ज्या वर्षातले आहेत, त्या वर्षी आमचा जीव टांगणीला लागला होता. दरवर्षी एक बाहेरची संस्था सगळ्या लॅबना एकाच पाण्याच्या सारख्या बाटल्या पाठवते. आतला खरा आकडा फक्त तिला ठाऊक. आपण तपासून आपला आकडा कळवायचा, मग ती निकाल लावते. आदल्या वर्षी पाण्याच्या हार्डनेसमध्ये, म्हणजे जडपणात, आमचा निकाल लागला, तोही "असमाधानकारक" असा. अजून एकदा तसं झालं तर पाण्याचं मानांकन, म्हणजे पाणी तपासायची अधिकृत मान्यता, जाणार, आणि त्याबरोबर सुनंदाताईंची सही जाणार.

सुनंदाताई आमच्याकडे काचेची भांडी धुवायला लागल्या होत्या. नोकरी करत, दोन मुलं वाढवत त्या बी.एस्सी. झाल्या आणि आता पाण्याच्या रिपोर्टवर त्यांची सही असते. पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या वडिलांनी फ्रेम करून लावली आहे. कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट, दिवाणखान्यात! हसू नका. ती सही जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि नमुने घ्यायच्या खिडकीवर सुभेदारकाका. फौजेतून निवृत्त. बुटांना पॉलिश, मिशीला पीळ. मी म्हणायची ती प्रत्येक गोष्ट हुकूम म्हणून पाळायचे. तिथेच तर सगळा घोळ होता.

* * *

फ्रीजचं तापमान रोज सकाळी बघून वहीत लिहायचं, हे काकांचं काम. वही कधीही उघडा, चार अंश. सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. मी खूश होते.

एकदा सहज मागची पानं चाळली आणि डोळेच पांढरे झाले. मधे फ्रीज बिघडून आठवडाभर दुरुस्तीला गेला होता. त्या आठवड्यातही रोज चार अंश!

"काका, फ्रीज जाग्यावर नव्हता, मग तुम्ही तापमान बघितलं कुठं?"

"आवं मॅडम, दुकानातबी चारच आसंल की! आपलाच फ्रीज हाय, आपुन त्याला वळखत न्हाई व्हय?"

* * *

म्हसवडकडच्या एक आजी विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन आल्या. तीन एसट्या बदलून. गावात पोरं सारखी आजारी पडत होती, म्हणून पाण्यात जंतू आहेत का बघायचं होतं. बाटली लख्ख, झाकणावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मला भरून आलं. लोक रॉकेलच्या बाटलीतून पाणी आणतात हो!

तपासलं. एक जंतू नाही. सुनंदाताईंनी दुसऱ्यांदा तपासलं. तरी नाही. इतकं शुद्ध पाणी आमच्या लॅबच्या नळालाही येत नाही.

शेवटी मी आजींना फोन लावला. "आजी, पाणी भरलंत कसं?"

"कसं म्हंजे? पयलं गाळलं, मग चांगलं धा मिनिटं उकळलं. वर तुळशीचं पान टाकून निवू दिलं."

"अहो, पण का?"

"का काय, बाई? तुमी एवढी शिकल्याली मानसं. तुमच्या फुडं तसलं घान पानी ठेवायचं व्हय?"

* * *

वजनाचा काटा. केसाचंही वजन सांगेल इतका नाजूक. काचेच्या पेटीत, दगडी टेबलावर. पुण्याहून माणूस येऊन त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, करून गेला, प्रमाणपत्र फाइलला लागलं आणि चार दिवसांत खंडेनवमी आली.

फौजेत शस्त्रांची पूजा करायची सवय. काकांनी सकाळी लवकर येऊन सगळ्या यंत्रांची पूजा केली. मी आले तर काट्याच्या पात्रावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि त्यावर नारळ! काटा दोनशे वीस ग्रॅमचा. नारळ सोललेलासुद्धा नव्हता. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा उमटल्या होत्या.

"हे काय, काका!"

"देवाच्या कामाला आकडा दावत न्हाई बगा, मॅडम. यंत्रालाबी कळतं."

पुण्याचा माणूस परत बोलावला. मी कपाळाला हात लावला आणि चुकांचा फॉर्म काकांच्या पुढ्यात टाकला. "तुमच्या हातानं भरा."

त्यांनी भरला. चुकीचं मूळ कारण: "खंडेनवमी." पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय: "पुढच्या वर्षी सुपारी ठेवू."

* * *

कोरेगावकडचे एक सरपंच गावच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आले. नायट्रेट बेचाळीस, अधिक-उणे तीन.

"ह्ये अधिक-उणे काय हाय?"

मी खुर्ची पुढे ओढली. हा माझा आवडता विषय. कुठलंही मोजमाप शंभर टक्के अचूक नसतं, त्यात थोडं इकडे-तिकडे होणारच, किती होईल ते आम्ही हिशोबानं काढतो, मानकात तसं कलमच आहे... वीस मिनिटं बोलले. कागदावर आकृती काढली.

"म्हंजे नक्की किती ते तुमालाच ठावं न्हाई."

"तसं नाही हो! किती ठाऊक नाही, ते आम्हाला नक्की ठाऊक आहे."

सरपंचांनी रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली आणि हात जोडले.

"मॅडम, तुमी चुकून हितं आलासा. तुमी आमच्या लायनीत पायजे हुता!"

* * *

मानक म्हणतं, ग्राहकांच्या तक्रारी लिहून ठेवा. आमची तक्रारवही कोरी. मानांकनासाठी येणारे तपासनीस मागच्या खेपेला म्हणाले, "एकही तक्रार नाही? संशय येतो." आता तक्रारी आणायच्या कुठून! आपल्याकडची माणसं तोंडानं इतकं बोलतात की ऐकणाऱ्याचा घाम निघतो, पण कागद पुढे केला की पेन आपटून बघतात आणि म्हणतात, "चालत न्हाई ह्ये."

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी अर्धा तास तावातावानं भांडले. रिपोर्ट उशिरा आला, सौदा हुकला, लॅब आहे की धर्मशाळा! मी मनातून हरखले. लगेच फॉर्म दिला.

ते एकदम मऊ झाले. "लिवून न्हाई बा. तोंडानं बोललं की आपुलकी, लिवलं की वैर."

"लिहा हो! माझ्यासाठी लिहा. पाया पडते."

माझी दया येऊन त्यांनी लिहिलं: "तशी काही तक्रार नाही. चहात साखर कमी होती."

मी ती तक्रार नोंदवली. चौकशी केली, मूळ कारण शोधलं, उपाय केला, फाइल बंद केली. लॅबच्या इतिहासातली पहिली तक्रार आहे ती, अजून जपून ठेवली आहे.

* * *

सुनंदाताईंचं माहेर कोयनानगर. त्यांना धरणीकंपाचं काही वाटत नाही. एकदा दुपारी जमीन हलली. खिडक्या खडखडल्या, आम्ही सगळे ओरडत बाहेर. मोजून बघितलं तर ताई नाहीत!

आत डोकावले. ताई ब्युरेटच्या काचनळीसमोर उभ्या. एका हातानं स्टँड धरलेला, दुसऱ्या हातानं थेंब थेंब सोडणं चालू. नजर पाण्याच्या रंगावर.

"ताई, बाहेर या!"

"थांबा वं. लाल जाऊन निळा व्हायला आलाय. दोन थेंबांचं काम."

दोन थेंब झाले, आकडा लिहिला, मग बाहेर आल्या. मी सांगितलं, हा आकडा धरता येणार नाही. मानकात स्पष्ट आहे, कामाच्या जागी हादरे असता कामा नयेत. ही चूक नोंदवावी लागेल.

"माझी चूक?" ताई चिडल्या. "आमी हललो न्हाई, जमीन हलली. तिच्या नावानं फॉर्म भरा!"

* * *

आणि मग ती बाटली आली. त्या वर्षीची परीक्षेची बाटली.

ताईंनी हार्डनेस तीनदा काढला. दोनशे बारा. संदर्भासाठी मागवलेलं प्रमाणित पाणी असतं, ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो, तेही शेजारी ठेवून तपासलं. ते बरोबर आलं. म्हणजे हात बरोबर, द्रावण बरोबर. पाठवायला हरकत नव्हती.

पण माझं मन खाऊ लागलं. आदल्या वर्षीही आम्हाला बरोबरच वाटलं होतं की! या परीक्षेत लॅबनी एकमेकींना आकडे विचारायचे नसतात. कलम मला तोंडपाठ. गोपनीयतेवर दर सहा महिन्यांनी ट्रेनिंग घेऊन "खरा आकडा बाहेर जाता कामा नये" असं सगळ्यांना बजावणारी मीच. तरी मी मोबाइल घेऊन काकांच्या खिडकीशी गेले, कारण रेंज तिथंच येते, आणि सांगलीच्या एका लॅबमधल्या माझ्या वर्गमित्राला, सुहासला फोन लावला. हळूच विचारलं, "तुमचं किती आलं?"

"दोनशे अठ्ठेचाळीस. आणि आमचंच नाही, मिरजेच्या दोघांचं तेच, कराडचं तेच. चार लॅबचं जुळलंय. तुमचंही तेच असणार ना?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

"काय झालं, मॅडम?" काकांनी बाटलीवर लेबल लावता लावता विचारलं.

"काही नाही, काका. गोपनीय आहे."

साहेबांना सांगितलं. साहेब लॅबचे मालक, भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. चार लॅब चुकतील आणि आपण एकटे बरोबर? ताईंना परत करायला लावलं. दोनशे बारा. नवं द्रावण बनवून परत. दोनशे बारा. साहेब मान खाली घालून म्हणाले, "सुनंदाताई, थोडा वर सरकवूया का? दोनशे चाळीसपर्यंत? तुमच्यासाठीच म्हणतोय. सही जाईल तुमची."

मी गप्प बसले. आज सांगायची लाज वाटते, पण त्या क्षणी मला एकही कलम आठवलं नाही.

ताईंचे डोळे भरले होते. त्यांनी पेन काढलं, दोनशे बारा लिहिलं, खाली सावकाश पूर्ण नावाची सही केली. "जाऊ द्या गेली तर. पण ज्यावर शेवटची हुईल त्यो आकडा तरी माझा आसू द्या."

महिनाभर लॅबमध्ये सुतक होतं. काका तेवढे शीळ घालत फिरायचे. मला त्यांचा राग यायचा.

निकाल आला. खरा आकडा दोनशे दहा! आम्ही समाधानकारक. ताई खुर्चीत बसून रडल्या, साहेबांनी कंदी पेढे मागवले. आणि चार लॅब एकसाथ नापास, चारही दोनशे अठ्ठेचाळीसवर.

पेढा तोंडात असतानाच सुहासचा फोन आला. भडकलेला.

"शोभतं का तुम्हाला हे? अगं, तो आकडा तुमच्याच लॅबचा होता! तू फोन करायच्या दोन दिवस आधी मी तुमच्या खिडकीवरच्या फोनवर विचारून घेतला होता. तुमच्या सुनंदाताईंचा हात चांगला, म्हणून आम्ही आमचा सोडून तो धरला, आणि तोच बाकीच्यांना दिला!"

मी तशीच खिडकीशी गेले. काका वहीत सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहीत होते.

"काका, सांगलीच्या फोनवर दोनशे अठ्ठेचाळीस तुम्ही सांगितलंत?"

"व्हय."

"अहो, आपला आकडा दोनशे बारा होता!"

"ठावं हाय की." काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "खरा आकडा भाईर जाऊ द्यायचा न्हाई, हा हुकूम तुमचाच. म्या पाळला. फोन तुमी केलासा."