गान्यातली रिकामी जागा

हे मी कुनालाच सांगितलेलं न्हाय. लेकीला न्हाय, कमळीला तर न्हायच. कमळी माजी बायको. ह्या थंडीत गेली. आता सांगून काय उपेग? काय न्हाय. तरी ऐका.

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे बिड्या. दिस कलला व्हता, दारात बसलो व्हतो. मी भिजवलेली पानं कातरत व्हतो, ती वळत व्हती. मधी सुपाला टेकवून शबानाचा मोबाईल. शबाना समोरच्या घरातली पोरगी. गानं लावून दिलं आन म्हनली, "आज्जी, तुमी ऐका, मी घागर भरून येते."

गानं कसलं — तालावर केलेलं भांडन. रॅप म्हंत्यात. शबाना आन तिचे दोन मैतर, तिघांचा पैला अल्बम निघायचा व्हता. नळाला पानी का येत न्हाय, बंद गिरनीची जागा कुनाच्या घशात गेली, बिडीवाल्या बायकांना कोन लुटतं — सगळं तोंडावर. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? यंत्रमागावर जिंदगी गेली, मालकाला उलटा शबूद दिला न्हाय. ही पोरं देत्यात, बरं वाटायचं. दुसऱ्याच्या घरातलं बोलत व्हती तवर.

छाट तुमाला ठावं नसंल. बाई घरी बिड्या वळती आन कारखान्यात न्येती. तितं चेकर बसतो. ही वाकडी, ही पोकळ म्हनून बिड्या बाजूला टाकतो — ती छाट. त्याचं पैसं न्हाय, बिडीबी माघारी न्हाय. कुनाची किती टाकायची ते त्याच्या मनावर. आन त्याचं मन कशानं फिरतं, ते तरन्या बायकांना इचारा.

त्या गान्यात मधीच वाजायचं थांबतं आन कमळी बोलती. नुसती बोलती, शबानानं भरून घेतलेलं. चेकर माजा हात धरायचा, म्हनती. सोडवला की सगळ्या बिड्या छाट. घरी सांगितलं. घरचा म्हनला, गप ऱ्हा, बिडीकामाचं कार्ड जाईल. मंग धरू दिला.

घरचा म्हंजे मी.

व्हय, म्हनलो व्हतो तसं. जेवता जेवता म्हनलो व्हतो, वर भाकरी मागितली व्हती. तो चेकर म्हातारा होऊन मेला तवा त्याच्या तिरडीला मी खांदा दिला. लोकं बघत व्हती, म्हनून दिला. थू माज्या जिनगानीवर.

तर ते वाजलं. मी कातर खाली ठिवली. कमळी बिडीचं तोंड मुडपत म्हनली, "माजाच आवाज हाय, वळखू येतोय का हो?"

म्हनलं, "येतोय की."

"रेडिओवानी वाटतंय, न्हवं?"

म्हनलं, "लई ब्येस." टोमना न्हवता तो. टोमना असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. तिला खरंच कवतिक वाटत व्हतं. आन मी काय इचार करत व्हतो? चौकातल्या पानटपरीचा. तितं हे वाजनार, आन माज्याकडं माना वळनार. तिचा हात कोन धरत व्हता, ह्याचा राग मला तवाबी आला न्हाय. तिनं सांगितलं, ह्याचा आला. कसला बाप्या म्हनायचा हा?

अल्बम निघाला. पोरांनी चौकात स्पीकर लावला. कमळी लेकीच्या लग्नातलं इरकल नेसून फुडं बसली. तिचं गानं लागलं. वाजायचं थांबलं — आन काय न्हाय. नुसती शांतता, मंग पुन्यांदा ढोल. तिची जागा तशीच रिकामी ठिवली व्हती पोरांनी, भरलीबी न्हाय.

कमळी उठली. "माजं कुटं गेलं गं?"

शबाना म्हनली, "आज्जी, आवाज नीट आला न्हवता. खरखर व्हती." खाली बघून म्हनली.

"म्हंजे तुमीबी छाट केलं की."

त्यानंतर कमळी शबानाशी बोलली न्हाय. पोरगी शिरखुर्मा घिऊन आली, तर दार उघडलं न्हाय. मी आत बसून ऐकत व्हतो. शबानानं कडी वाजवली, थांबली, गेली. एका शबदानं तिनं माजं नाव घेतलं असतं तर? पन न्हाय घेतलं. आन कमळी मरस्तोर समजून चालली, की आपलं बोलनंच वाकडं व्हतं.

ती गेली तवा गल्ली लोटली. जो तो म्हनं, लई गरीब बाई, कधी कुनाला उलटून बोलली न्हाय. एकेकाच्या कानाखाली काढावी वाटली. बोलली व्हती. तुमच्याआदी, माज्याआदी ती बोलली व्हती, भाड्यांनो! पन कुनाच्या तोंडानं सांगू? शबाना गल्लीच्या टोकाला हुबी व्हती. दारात आली न्हाय.

आता ती सकाळ सांगतो. दारात बसून गानं ऐकलं, त्याची दुसरी सकाळ.

कमळीला म्हनलं, चा पिऊन येतो. आन शबानाच्या माडीवर गेलो. त्या खोलीतच पोरं आवाज भरायची. भितींना सोलापुरी चादरी ठोकल्या व्हत्या, भायेरचा गलका येऊ नये म्हनून. पोरगी एकटीच व्हती. मला बघून हसली, बसा म्हनली. मी बसलो न्हाय.

म्हनलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. असलं काय घडलंच न्हाय. काढून टाक.

ती म्हनली, "आज्जीला इचारते."

तवा मी म्हनलं — तिला सांगितलंस तर पोलिसात जाईन. एका म्हाताऱ्या बाईला फूस लावून बदनामी केली म्हनून तुजं नाव घीन. माज्या नावाचा मानूस आन तुज्या नावाची पोरगी, ठान्यात कुनाचं ऐकत्यात, तुला ठावं हाय.

पोरीच्या तोंडावरचा रंगच गेला. मला नाना म्हनायची ती, रांगत व्हती तवापस्नं.

काँप्यूटर चालू केला. म्हनली, "पुसायच्या आदी एकदा ऐकता का, नाना?"

मी म्हनलं, "न्हाय."

तिनं पुसलं. मी म्हनलं, दुसरीकडं कुटं ठिवलंय का? तिनं मोबाईल काढला. तितलंबी हुबा ऱ्हाऊन पुसाय लावलं.