क्रूस धरलेले हात

गुड फ्रायडेला आमच्या गावात क्रुसाची वाट निघते, म्हणजे येशूची शेवटची वाटचाल उभी करत टेकडीच्या माथ्यावर जाणारी मिरवणूक. यंदा खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन येशू झाला होता पास्कल, आणि शिपायाचा चाबूक होता अंतोनच्या हातात. चाबूक म्हणजे लाल रंगात भिजवलेली सुंभाची दोरी. ती लागत नाही, पाठीवर नुसता रंग उमटतो. पण शेताच्या बांधावरून या दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं.

टेकडीच्या चढावर अंतोनने खरंच मारलं. फटक्याचा आवाजच वेगळा आला. दुसरा फटका कानावर बसला आणि रंगापेक्षा दाट असं काहीतरी पास्कलच्या मानेवरून उतरलं. प्रार्थना म्हणणाऱ्या बायका मागे सरकल्या. पास्कलचा राग गावाला ठाऊक आहे. एका बुक्कीत त्याने माणूस लोळवलेला मी पाहिलाय. त्याचे दंड फुगले, बोटं पांढरी पडली. वाटलं, आता इथे मुडदा पडतो. तो मात्र माथ्याकडे बघत, लाकूड आवळून चालत राहिला.

ध्येयावर नजर ठेवा, असं फादर सांगतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वेदीवरची शांत मेणबत्ती यायची. नजर ठेवणं इतकं रक्तबंबाळ असेल असं वाटलं नव्हतं.

खाली उतरल्यावर मी त्याच्या कानावर ओला रुमाल धरला. "राग नाही आला?"

"आला ना," पास्कल म्हणाला. "पण हात सोडले असते तर क्रूस पडला असता."

माझे हात रिकामे असतात. म्हणूनच ते इतक्या लवकर उठतात.