फरशीवरचे नाना

नाना पाण्याकडे पाठ करून कधी उभे राहिले नाहीत. एकदाच राहिले.

त्यांचा जन्म धुळ्याच्या आगारात एसटी चालवण्यात गेला. नरडाण्याकडच्या आमच्या गावाला यायचं तर नाल्यावरची फरशी ओलांडावी लागे. फरशी म्हणजे पूर अंगावरून जाऊ देणारा बुटका पूल. तिच्यावर बोटभर पाणी दिसलं तरी नाना गाडी थांबवत, पॅन्ट दुमडून उतरत, मधोमध चालत जात आणि नाला जिकडून येतो तिकडे बघत राहत. पाणी गढूळ आहे का, काडीकचरा येतोय का. "आधी मानूस, मंग गाडी," हा त्यांचा कायदा.

एकदा गाडीत नवरदेव होता. मुहूर्त टळत चालला, वऱ्हाड कावलं. नवरदेवाचा मामा ओरडला, "नाना, घोटाभर पानी शे!" नाना शांतपणे म्हणाले, "खाले नको देखू, वरे देख. पानी वरथून येस." लग्नघरी पोचलो तोवर पहिली पंगत उठली होती. पूर काही आला नाही. नानांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

थांबा सांगायला ते तोंड वाजवत नसत. उघडा तळहात वर करत. तो वर झाला की आम्ही पोरं जागच्या जागी थांबायचो. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली काकू, वाढता वाढता भाकरी हातात धरून उभी राही. त्या तळहाताच्या पुढे पाऊल टाकलेलं माणूस आमच्या घरात नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि अमळनेरच्या गॅरेजात तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. गावाने तिचं नाव घरगाडी ठेवलं. मोठी माय म्हणाली, "जलमभर गाडीसाठे घर सोडं, आते घरच गाडीमा आनं तुम्ही!" पण भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणि ठेच्याची बरणी घेऊन सगळ्यांत आधी तीच चढून बसली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं गुजरातच्या किनाऱ्याला गेलो. नानांचे गुडघे दुखत, म्हणून गाडी माझ्याकडे होती. खाडीत चार-पाच बेटं होती, लहान लहान पुलांनी जोडलेली. घाई कसलीच नव्हती. एका बेटावर चहा, दुसऱ्यावर मिठागरं, तिसऱ्यावर गाडीतच भाकरी. नाना इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. मला मात्र करमत नव्हतं. समुद्र बघायला आलो होतो आणि समुद्र कुठे दिसतच नव्हता. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, माणूस दिसत नव्हतं. एका खांबाला गाडीच्या टपाच्याही वर ओलं शेवाळ लोंबत होतं. नाना हसले, "इतला वर कचरा कोनी बांधा रे?" आम्हीही हसलो.

शेवटच्या बेटाला पूल नव्हता. सपाट दगडी रस्ता, त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा. हुबेहूब आमची फरशी! नानांचा चेहराच उजळला. जाळं विणत बसलेला एक कोळी ओरडला, "काका, पाछा वळो! भरती आवे छे!" नाना पॅन्ट दुमडत म्हणाले, "भाऊ, मना जलम गया फरश्या देखामा."

ते मधोमध गेले आणि सवयीने जमिनीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला बघत उभे राहिले. तिकडचं पाणी संथ होतं, स्वच्छ होतं, एक काडी वाहत नव्हती. पाणी आलं ते त्यांच्या पाठीमागून, समुद्राकडून. आवाज नाही, फेस नाही. घोटे गेले, गुडघे गेले. मी दार उघडून धावलो. नानांनी मागे वळून समुद्र पाहिला, मग मला पाहिलं, आणि तळहात वर केला.

मी थांबलो. खरंच थांबलो. शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सुटला तेव्हाही हात वरच होता. कोळ्याने होडी लोटली, मी ओरडत राहिलो.

दुपारी होडी त्यांचा देह घेऊन परत आली. मोठी माय रडली नाही. तिने त्यांचं तोंड पदराने पुसलं, मग उठून माझ्यापाशी आली. माझी बाही चाचपली. खाली वाकून पॅन्टची खालची कड हातात धरून पाहिली.

"तू तर कोरडाच शे," ती म्हणाली.

तिला हायसं वाटलं होतं, की ती मला जाब विचारत होती? तिला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.