पुसलेली माती

फोटोत माणसाची पाठ दिसत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी खेळाडूंचं दालन आहे, तिथे माझ्या शागिर्दाचा फोटो होता. छाती पुढे, गळ्यात हार, मनगटात जत्रेतलं चांदीचं कडं. शेजारी खो-खोच्या मुली, कबड्डीचा संघ, धावता धावता फौजेत गेलेला एक मुलगा. निवृत्त गुरुजी म्हणून दालनाची किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं की आधी त्या फोटोकडे नजर जायची आणि मला दिसायची ती त्याची पाठ.

नव्वदच्या दशकातली जत्रा. कुस्त्यांसाठी गावाबाहेरचं वावर नांगरून, ढेकळं फोडून आदल्या दिवशी पाणी मारलेलं. आमच्याकडे काळी माती, ओली असली की अंगाला सोडत नाही. झटापटीत हातापायांना, मानेला ती लागतेच. पण दोन्ही खांदे जमिनीला टेकले, की पाठीवर भाकरीसारखा थर बसतो. म्हणून वाद झाला तर पंच पैलवानाला वळवून त्याची पाठ लोकांना दाखवतो, ही आमच्या भागातली रीत. पाठ साफ असली तर पुन्हा हात मिळवायचा. जो मिळवणार नाही, तो हरला.

त्या वर्षी पंच मी होतो. शेवटची, मानाची कुस्ती. एकीकडे माझ्या तालमीत लहानाचा मोठा झालेला शागिर्द, दुसरीकडे जवळच्या बंजारा तांड्यावरचा एक जवान पोरगा. हा जवान एकदा माझ्या तालमीत शिकायला आला होता. 'पुढच्या वर्षी बघू,' म्हणून मी त्याला वाटेला लावलं होतं. पुढचं वर्ष मी कधी येऊ दिलं नाही. तो बांधावर आणि ओढ्याच्या वाळूत शिकला.

बराच वेळ दोघं एकमेकांना तोलत राहिले. मग त्या जवानाने असा काही झोका दिला, की माझा शागिर्द हवेत फिरून पाठीवर आला. मी गुडघ्यांवर होतो, डोळे जमिनीलगत. दुसऱ्याच क्षणी शागिर्द उलटून पोटावर आला होता आणि लोक आत घुसले होते.

"टेकली! टेकली!"

"कुठं टेकली बे? उगं बोंबलू नको!"

"गुरुजी, पाठ दाखवा!"

मी शागिर्दाला उठवायला वाकलो. शाबासकी देताना फिरवतात तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वरून खाली, जोर देऊन. मग खांदे धरून त्याला लोकांकडे वळवलं.

"बघा. पाठ साफ हाय."

हे नकळत झालं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. नकळत हात फिरतो, पण त्याला तेवढा जोर लागत नाही.

तो जवान हात मिळवायला माझ्यासमोर आला. त्याने शागिर्दाकडे पाहिलंच नाही, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी मूठ मिटली होती.

"गुरुजी, हात धुऊन घ्या," तो हळूच म्हणाला. सदरा खांद्यावर टाकला आणि गर्दीतून निघून गेला. त्याने हात मिळवला नाही, म्हणून कुस्ती माझ्या शागिर्दाची झाली. कडं मीच त्याच्या मनगटात घातलं.

तांड्यावरच्या त्या जवानाने पुन्हा लंगोट बांधला नाही. जिल्हा नवा झाला, त्यानंतर दालन उभं राहिलं, फोटो लागले. तो तोवर सेनगाव ते नरसी जीप चालवू लागला होता. माझा त्या रस्त्याने येण्याजाण्याचा प्रसंग यायचा. शक्यतो मी एसटीची वाट पाहायचो.

एकदा एसटी आलीच नाही.

"या गुरुजी, पुढं बसा," त्याने हाक मारली. "हात तेवढा आत ठिवा."

जीप शिगोशिग भरली होती. एक म्हातारी टोपली घेऊन चढायला बघत होती. "काहून रं, मला टपावर बसवतू का?"

"बसा की मावशी. वर हवा बी लागंल आन् भाडं बी तेच!"

सगळे हसले. मीही हसलो. नरसीला जीप रिकामी झाली आणि मी उतरू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "माहा बाप गेला, गुरुजी."

त्याचा बाप मला आठवत होता. साक्षरता वर्गाच्या दिवसांत मीच त्याला सही करायला शिकवलं होतं. जत्रेत तो पुढच्याच रांगेत बसलेला होता.

"मरेपर्यंत मला म्हणायचा, तुला वाटलं आसंल पोरा, पाडला म्हणून. मला सही ह्या गुरुजीनं शिकिवली. ते काहून खोटं बोलतील? मी म्हणायचो, बापा, मी पाडला. तर माह्या तोंडाकडं बघत ऱ्हायचा." त्याने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "दुनिया काय बी म्हणू द्या. त्यानं तरी मानायला पायजे व्हतं."

काय बोलायला हवं ते मला ठाऊक होतं. "भला माणूस होता," एवढंच म्हणालो आणि उतरलो.

त्यानंतर जेवायला बसताना मी हात धुऊ लागलो की तळव्याला तो थर लागायचा. ओला, गार. पाणी ओतत राहायचो. "किती धुता?" बायको विचारायची. दालनात गेलो की वाटायचं, फोटोतला शागिर्द आता वळेल आणि मला पाठ दाखवेल.

शेवटी शागिर्दाकडेच गेलो. त्याचं बी-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक गेल्यावर सांगितलं. तो चमकेल, चिडेल असं वाटलं होतं.

"वस्ताद, पाठ टेकल्याली टेकणाऱ्याला कळत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "तुमी हात फिरवला तवाच समजलं मला. तुमी कवा बोलता, वाट बघून राहिलो."

"मग तू का नाही बोललास?"

"वस्तादाला खोटं पाडू व्हय?"

त्याने शटर ओढलं, मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि दालनात जाऊन आपल्या हाताने फोटो उतरवला. भिंतीवर उजळ चौकोन राहिला आणि वर खिळा. दालनाचे सेक्रेटरी वैतागले. "गुरुजी, भिंत उघडी दिसून राहिली! म्हातारपणी हे काय काढलं? बरं, जो खरा जिंकला त्याचा फोटो आणा, लावून टाकू."

मी तांड्यावर गेलो. तो जीप धूत होता. बाजेवर त्याची बायको, भाऊ, तांड्याचे नायक बसलेले. मी सगळ्यांसमोर बोललो: कुस्ती याने मारली होती, माती मी पुसली. तो बादलीतलं पाणी चाकावर मारत राहिला.

"बाप जायच्या आधी आला असता," तो म्हणाला.

मी फोटोचं विचारलं.

"न्हाई. जागा तशीच ठिवा. लोक इचारतील, इथं कोन व्हतं? मंग तुमी सांगा. माहा बाप तुमचं ऐकायचा, तसे तेबी ऐकतील."

तेव्हापासून मी दालनात बसून सांगत आलो. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं गुरुजींना भ्रम झालाय. आता गुडघे साथ देत नाहीत, तिथवर जाणं होत नाही. सेक्रेटरी बदलले, भिंतीला रंग देणार आहेत असं कानावर आलं. रंगाखाली तो चौकोनही जाईल आणि विचारायला कुणाकडे काही उरणार नाही. म्हणून हे लिहिलं.

दोन्ही खांदे टेकले होते. मी गुडघ्यांवर होतो आणि मला स्वच्छ दिसलं होतं.